रोझाबाईची लाल बादली

रोझाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. महिना होऊन गेला, पण राग काही उतरत नाही. दुःखाचं लिहायला बसले, येतो आहे तो रागच.

तलमडुगूजवळच्या आमच्या गावात कॅथलिक असं तिचं एकटीचंच घर, माझ्या घराला लागून. दवाखान्यातलं आयाचं काम सुटलं तरी ती स्वस्थ बसली नाही. रविवारी आदिलाबादच्या चर्चमध्ये मिसा ऐकून दुपारच्या बसने परतायची, चांगलं लुगडं घडी करून ठेवायची आणि लाल बादली घेऊन निघायची. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायची, पाठीच्या जखमा पुसायची, नखं काढायची. कुणाची जात विचारली नाही, येशूचं नाव कुणाच्या गळी उतरवलं नाही. माझ्या आईचंही सगळं तिनंच केलं. एकदा म्हटलं, "बाई, आज तरी टेका ना. किळस नाही येत काय तुमाले?"

"येते ना," ती म्हणाली. "पन मिसा झाली का फादर म्हनतात, आता जा, सेवा करा. मंग मी काय घरी येऊन झोपू?"

मरणानंतर तिला एकच हवं होतं. "मले इथंच माती द्याजा. माये लोकं इथंच हायत," असं तिनं मला बजावून ठेवलं होतं. मी गावचे कारभारी गोविंदरावांकडे गेले. त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत हिनंच न्हाऊ घातलं होतं. सुपारी कातरत ते म्हणाले, "बाई चांगली होती हो मॅडम. पन आपल्या मसनवट्यात किरिस्तावाची माती... नवी चाल काऊन पाडता?" शेवटी फादर जीप घेऊन आले आणि तिला आदिलाबादला घेऊन गेले. गावातून सोबत गेले ती मी एकटीच.

आठवडाही झाला नाही तो गोविंदरावांची सून माझ्या दारात. सासू अंथरुणावर. "मॅडम, आता आमच्या बुढीले आंघोळ कोन घालन?" अंगाचा तिळपापड झाला माझ्या. रोझाबाईच्या घरून आणून ठेवलेली तिची लाल बादली उचलून तिच्यापुढे ठेवली. "पाणी कोमट घ्याजा," एवढंच म्हटलं. तिनं बादलीकडे पाहिलं, पदर सावरला आणि निघून गेली.

बादली अजून माझ्या ओट्यावर पालथी आहे. रविवारी दुपारची बस येऊन जाते, आणि थोड्या वेळानं गोविंदरावांच्या घरातून म्हातारीची हाक ऐकू येते, "रोझा... ये ना रोझा..." तिला कुणी सांगितलेलंच नाही.