घरच्या वर्गाची पुस्तकं

पुस्तक निवडायची तृप्तीची एक पद्धत होती. पुस्तक मधोमध उघडायचं, समोर येईल ते पान केतकीला मोठ्यानं वाचायला लावायचं, आणि ती जिथं अडखळेल तिथं आपल्या डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर पुस्तक कठीण. एकही बोट मिटलं नाही तर सोपं, त्यात शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. दोन-तीन बोटं मिटली की पुस्तक बरोबर, ते ठेवून घ्यायचं. हे तिनं मोबाइलवर कुठल्याशा बाईच्या व्हिडिओत पाहिलं होतं.

पहिल्या वर्षी ती मूठ पूर्ण मिटेपर्यंत थांबत असे. अलीकडे दुसरं बोट मिटलं की ती पुस्तक हळूच ओढून घेई आणि म्हणे, पुढच्या वर्षी पाहू.

महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लागणाऱ्या सौंसरला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढं व्हरांडा, एवढं त्यांचं घर. नवरा विनोद बैतूलला वीज कंपनीच्या ऑफिसात बाबू. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. मधले दिवस घरात तृप्ती आणि केतकी. केतकीला अकरावं लागलं होतं आणि अडीच वर्षांत ती शाळेची पायरी चढली नव्हती.

तिसरीत असताना तिला ताप येऊ लागला. आधी गुडघे सुजले, मग घोटे. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाच्या झडपेला थोडा धक्का बसला आहे, सहा महिने पूर्ण आराम द्या, आणि दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. तृप्तीनं दोन्ही गोष्टी काटेकोर पाळल्या. कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला लाल गोल केला, एकही चुकवला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता शाळेत पाठवा, फक्त इंजेक्शन चुकवू नका. विनोद त्या दिवशी सोबत नव्हता. संध्याकाळी त्यानं फोनवर विचारलं, तेव्हा तृप्ती म्हणाली, "सांभाळा म्हनले. इंजेक्शन चुकवू नका म्हनले."

खोटं ती काही बोलली नव्हती. अर्धंच बोलली होती.

आजारपणाआधीच्या दुपारी तिला आठवत होत्या. नऊला स्वयंपाक आटपायचा, साडेदहाला केतकी गेली की घरात एकच माणूस उरायचं आणि चार वाजेपर्यंत त्याच्याशी बोलणारं कोणी नसायचं. भाजीवाल्याशी ती गरजेपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलायची. त्याला पुढच्या गल्लीत जायची घाई असायची. माहेर रामाकोन्याला, जवळच, पण तिथं आता वहिनीचं राज्य. बी.ए. झाल्यावर तिनं शिक्षिकेच्या कोर्सला नाव घातलं होतं. लग्न ठरलं आणि ते राहून गेलं. केतकीच्या आजारपणात मात्र दुपार भरली. अकराला चटई अंथरायची, भिंतीला काळा रंग दिला होता त्यावर तारीख लिहायची, आधी गणित, मग वाचन. केतकी अडखळायची, तृप्ती समजावून सांगायची, आणि सांगता सांगता तिचा आवाज असा मोठा व्हायचा की शेजारच्या उषाला स्वयंपाकघरात ऐकू जायचं.

"तुमचं बरं आहे," उषा म्हणायची. "ना फी, ना डबा, ना पालक मीटिंग. दारावर बोर्ड लावून टाका आता."

तृप्ती हसायची. घरी शिकणाऱ्या मुलांचे आईबाप फोनवरच्या एका ग्रुपवर होते. कोणी पुण्याचे, कोणी बंगलोरचे. ते इंग्रजी पुस्तकांच्या याद्या टाकायचे, लाकडी मण्यांचे, पृथ्वीच्या गोळ्याचे फोटो टाकायचे. तृप्तीनं एकदा विचारलं होतं की मराठी बोलणाऱ्या पण हिंदी मुलखात राहणाऱ्या मुलीला काय वाचायला द्यावं. एकानं हात जोडल्याची खूण टाकली, बाकी कोणी काही बोललं नाही.

होळी झाली आणि विनोद एका शनिवारी वेगळंच ठरवून आला. दुपारच्याच गाडीनं येऊन, आधी गावातल्या शाळेत जाऊन तो प्रवीण सरांना भेटला होता. सर म्हणाले होते, एप्रिलच्या वीस तारखेला हिंदीची आणि गणिताची टेस्ट घेऊ. निघाली तर वयाप्रमाणे सहावीत, नाही तर चौथीत बसवावं लागेल. हे ऐकून केतकी एवढंच म्हणाली की ती चौथीत बसणार नाही. ती अंगानं वाढली होती. चौथीची पोरं तिच्या खांद्याला लागली असती.

"मंग राहिली ते राहिलीच घरी," विनोद म्हणाला. "म्हनून सांगून राहिलो, महिनाभर नीट तयारी करून घे तिची. पुस्तकं कोनती लागतात ते तू पाहा. ते तुलेच समजते."

तृप्ती पोळ्या लाटत होती. पुस्तकं तिनंच निवडायची होती, आणि मुलगी घरात राहते की जाते ते त्या पुस्तकांवर होतं.

केतकीला उषाकडे ठेवून ती नागपूरला गेली. सौंसरची माणसं लग्नाचा बस्ता, दवाखाना, चष्मा, सगळं नागपूरलाच करतात. पुस्तकंही तिथूनच आणली तर कोणाला नवल वाटलं नसतं. बर्डीच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्यानं विचारलं, कोनती देऊ. तिनं म्हटलं, चौथीची. मीडियम? मराठी. म्हणून झाल्यावर आपण काय मागितलं ते तिच्या लक्षात आलं, पण तिनं शब्द फिरवला नाही. मातृभाषेत पाया पक्का होतो, चौथीचा पाया पक्का झाला की पाचवीचं आपोआप येतं, असं ती परतीच्या बसमध्ये सावनेरपर्यंत स्वतःला समजावत होती.

दुसऱ्या दिवशी केतकीनं परिसराच्या पुस्तकातला नकाशा उघडला. महाराष्ट्राचा. तिनं नागपूरवर बोट ठेवलं आणि वर सरकवलं. सावनेर आलं, मग जाड रेघ आली, आणि रेघेच्या वर कोरा कागद.

"आई, सौंसर कुठं आहे?"

"ह्या नकाशात नाही."

"मंग आपन ह्या पुस्तकात नाहीच का?"

तृप्तीनं पेन्सिल घेतली, रेघेच्या वर अंदाजानं एक ठिपका दिला आणि बारीक अक्षरात सौंसर लिहिलं. केतकीनं त्या ठिपक्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि पान उलटलं.

शनिवारी विनोदनं तो गठ्ठा सोडून एकेक पुस्तक पाहिलं. टेस्ट हिंदीत, तीही पाचवीच्या अभ्यासाची, आणि घरात आलंय महाराष्ट्राचं चौथीचं. तो चिडला, मग दमला. तू एवढी शिकलेली, तुझ्या हातून असं कसं झालं, हे त्यानं दोनदा विचारलं. शेवटी म्हणाला, सोमवारी केतकीला घेऊन पांढुर्ण्याला जा, शालिकराम गुरुजींना दाखव. त्यांनी मला शिकवलं आहे. ते सांगतील ते आण.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून बसस्टँडवर फायली घेतलेल्या माणसांची गर्दी वाढली होती. त्या गर्दीतून दोघी जाम नदीच्या अंगानं गेल्या. पलीकडे सावरगाव दिसत होतं. गुरुजींनी चाळीस वर्षं हिंदी आणि मराठी दोन्ही शिकवलं होतं. बायको गेल्यापासून एकटेच राहत. टेबलावर एकाच माणसाच्या चहाचा कप, चष्म्याचं घर आणि चार दिवसांची वर्तमानपत्रं होती. त्यांनी केतकीला जवळ बसवून त्यातलंच एक हिंदी पेपरचं पान दिलं.

केतकी वाचू लागली. सरकारी नियमांची बातमी होती, मोठमोठ्या शब्दांची. तृप्तीचा डावा हात सवयीनं मांडीवर तयार होता. बातमी संपली आणि पाची बोटं सरळच होती.

गुरुजींनी मग तृप्तीच्या पिशवीतलं चौथीचं मराठी पुस्तक काढलं. आता हे वाच. दोन ओळींत केतकी अडखळली. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, 'जमिनीची धूप' या साध्या शब्दांवर. गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि केतकीला अंगणातल्या संत्र्याच्या रोपांना पाणी टाकायला पाठवलं.

"बाई," ते म्हणाले, "शब्द कठीन होते म्हनून नाही अटकली ती. अटकायच्या आधी दर वेळेस तुमच्याकडं पाहून राहिली होती."

तृप्तीनं मांडीवरचा हात पदराखाली घेतला.

"पोरगी सहावीचं वाचते. टेस्टच्या दिवशी पन असंच पाहिलं, तर चौथीत बसवतीन तिले. बाकी तुम्ही हुशार आहा."

त्यांनी कपाटातून हिंदीचं आणि गणिताचं पाचवीचं पुस्तक काढून दिलं. चहा करतो म्हणाले, आणि केला. निघताना दारापर्यंत आले आणि पुन्हा या म्हणाले, आणि दोघी वळणावर जाईपर्यंत दारातच उभे होते.

बसमध्ये केतकीला खिडकी मिळाली. गाव मागं पडून संत्र्याच्या बागा सुरू झाल्या तरी तृप्तीला प्रश्न कसा विचारावा ते सुचत नव्हतं. शेवटी सरळच विचारलं. धूप हा शब्द तुला येत नाही का?

"येते."

"मंग?"

केतकी बाहेरच पाहत राहिली. "तू समजावून सांगते तेव्हा तुले बरं वाटते ना," ती म्हणाली. "म्हनून."

तृप्तीनं मान खाली घातली आणि पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. कधीपासून, हे तिनं विचारलं नाही. पहिल्या वर्षीची मूठ खरी होती. त्यानंतरचं कोणतं बोट खरं आणि कोणतं दिलेलं, हे आता कळायला मार्ग नव्हता.

पुढचे तीन आठवडे चटई रोज अकरालाच अंथरली गेली. पण केतकी पाचवीचा धडा घडाघडा वाचून टाकायची, गणितं मांडून सोडवायची, आणि अर्ध्या तासात सगळं आटपायचं. तृप्ती ऐकत बसायची. समजावण्यासारखं काही नसायचं. साडेअकरा वाजता दोघी एकमेकींकडे पाहायच्या, मग केतकी कूलरपुढं आडवी होऊन एकटीच पुढचं पुस्तक वाचायची, आणि तृप्ती धुतलेले डबे पुन्हा धुवायची. केतकी शाळेत जायच्या आधीच ती रिकामी दुपार परत आली होती.

वीस तारखेला सकाळी दोघी शाळेच्या फाटकाशी पोहोचल्या तेव्हा केतकी थांबली.

"मी गेली तर तू दिवसभर काय करशीन?"

शिवणाचा क्लास लावीन, असं सांगायचं तृप्तीनं घरून ठरवून आणलं होतं. उषाही म्हणाली होती की लाव. पण या मुलीनं वर्षभर आईचं तोंड वाचलं होतं. तिच्यापुढं ते टिकलं नसतं.

"मले करमनार नाही," तृप्ती म्हणाली. "पन ते माझं आहे. ते तू नको वागवू. तू आत जाऊन नीट वाच."

केतकीनं फाटक ढकललं. ती आत गेली.

प्रवीण सरांनी वर्गाच्या दाराबाहेर पालकासाठी खुर्ची ठेवली होती, दारातून बरोबर समोर दिसेल अशी. तृप्तीनं खुर्ची उचलली आणि पाण्याच्या टाकीमागं नेऊन ठेवली. तिथून तिला केतकी दिसत नव्हती आणि केतकीला ती. लेखी झाली तोवर नुसती पंख्याची घरघर होती. मग तोंडी सुरू झाली. सरांचा आवाज आला, आणि मग केतकीचा. शब्द कळत नव्हते, इतक्या लांबून चालच तेवढी कळत होती. ती चाल कुठं थांबत नव्हती. एका ठिकाणी थांबली, आणि तृप्ती खुर्चीतून अर्धी उठली. पण ते पान उलटण्यापुरतं होतं.

केतकीला सहावीत घेतलं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पुस्तकं न्यायला बोलावलं होतं. ऑफिसशेजारच्या खोलीत शिपाई हेमराज यादी घेऊन बसला होता. प्रत्येक मुलाचा सेट सुतळीनं बांधून, वर नावाची चिठ्ठी लावून तयार होता. त्यानं केतकीचा गठ्ठा पुढं सरकवला आणि यादीत सही मागितली. तृप्तीनं सही केली आणि सुतळीची गाठ सोडायला लागली.

"ताई, सगळं बरोबर आहे त्याच्यात," हेमराज म्हणाला. "शाळेनंच निवडलेलं राहते. बदलता नाही येत."

"बदलायचं नाही. पाहून राहिली फक्त."

मागं रांग होती, म्हणून ती बाजूला झाली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसली. केतकी मैदानात दोन मुलींशी बोलत होती. त्यातली एक तिच्या तिसरीच्या वर्गातली असावी, तृप्तीला नाव आठवेना. तिनं हिंदीचं पुस्तक काढून पहिला धडा वाचला, मग दुसरा. दोन्ही चांगले होते. तिनं निवडले असते असे. तिसऱ्याचं पान उघडत होती, तेवढ्यात हेमराज कुलूप घेऊन बाहेर आला आणि काही राहिलं का ताई, म्हणून विचारलं. नाही, ती म्हणाली, आणि पुस्तक होतं तिथं ठेवून गठ्ठा पुन्हा बांधला.