नळी काढल्यानंतरचा पाडवा

बाबांच्या फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली होती. बरगड्यांमधून घातलेली नळी आठवडाभर होती. तिचं दुसरं टोक पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं होतं, आणि बाबा श्वास सोडत तेव्हा त्यात बुडबुडे येत. पुढे बुडबुडे थांबले, एक्स-रे चांगला आला, नळी निघाली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही त्यांना दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरवर आणलं. घरी सोडतानाचा इंग्रजी कागद मी वाचला आणि आईला एवढंच सांगितलं की पट्टी भिजू द्यायची नाही. बाकीचं मी बघेन म्हटलं आणि कागद फाइलला लावला. मी चोवीस वर्षांची, नोएडात नोकरी करणारी, घरातली सगळी कागदपत्रं सांभाळणारी. माझ्या हुशारीबद्दल मला फार खात्री होती.

फटाके उशिरापर्यंत वाजत राहिले. सकाळी खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. बाबांना धाप लागत होती, आवाजही नाकात बोलल्यासारखा येत होता. विचारलं तर म्हणाले, धूर आहे, आज सगळ्या दिल्लीला धाप लागली असेल. मला पटलं, कारण मीही खोकतच होते. त्यांना पुन्हा हॉस्पिटलचं तोंड बघायचं नव्हतं आणि सणाच्या दिवशी आमची पळापळ नको होती, म्हणून ते ‘बिल्कुल ठीक’ होते. आयुष्यभर बाबा बिल्कुल ठीकच असायचे. त्या शब्दांचा मला अजून राग येतो.

आई कोमट तेलाची वाटी घेऊन आली. पाडव्याला ती बाबांना तेल लावायची. वर्षातून तेवढ्या एकाच वेळी ती आमच्यासमोर त्यांना हात लावायची. मी वैतागले. माणूस काल हॉस्पिटलातून आलाय, या वर्षी राहू दे ना यार, असं तिला म्हटलं. तिने ऐकलं नाही. आंघोळ नाही, पट्टीला धक्का नाही, नुसता मानेवरून हात फिरवते म्हणाली.

बाबांचा मफलर काढून तिने तेल लावायला घेतलं आणि खांद्याकडे येताना तिचा हात थांबला. तिने पुन्हा तिथेच दाबलं. मग मला बोलावून माझी बोटं तिथे ठेवली. कातडीखाली कुरकुरत होतं, पातळ कापडाखाली चुरमुरे दाबावेत तसं. मान उजवीकडे सुजलीही होती.

"हे धुराने होत नाही," आई म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्यांची गाडी मिळते का बघ."

शेजाऱ्यांच्या गाडीत मी फाइल उघडली. कागदाच्या तळाशी सगळं होतं: धाप लागली, आवाज बदलला, मान सुजली किंवा कातडीखाली कुरकुर जाणवली तर ताबडतोब या. ती ओळ मी आदल्या दिवशी वाचली होती.

डॉक्टरांनी मान दाबून पाहिली आणि लगेच एक्स-रे काढायला लावला. फुप्फुस पुन्हा मिटलं होतं. छिद्र पुरतं बुजलं नव्हतं, त्यामुळे नळी निघाल्यावर छातीत हवा साठत गेली आणि थोडी कातडीखाली शिरली. कातडीखालची बहुतेक आपोआप जिरते, आतली मात्र अशी सोडून देता येत नाही, असं त्यांनी समजावलं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर, एवढं बोलून ते नळीच्या तयारीला लागले. दुसरी नळी घालताना बाबा एकदाच कण्हले, ते पडद्याबाहेर ऐकू आलं. आई बाकावर बसून हाताचं तेल पदराला पुसत होती. मी तिला सॉरी म्हटलं. तिने मला चहा पिऊन यायला सांगितलं.

या खेपेला नळी जास्त दिवस राहिली. काढल्यावरही त्यांनी बाबांना दोन दिवस ठेवून घेतलं. मग डॉक्टर आले, एक्स-रेची फिल्म उजेडात धरून मला दाखवली आणि आता घरी जायला हरकत नाही म्हणाले. मी कागदासाठी हात पुढे केला. बाबा पलंगावरून उठलेच नाहीत. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि डॉक्टर, नर्स, शेजारचे पेशंट, सगळ्यांदेखत आईला म्हणाले,

"आधी तू हात लावून बघ."

आईने पर्स माझ्याकडे दिली आणि बराच वेळ दाबून पाहिलं. तोवर डॉक्टर थांबले.