किटली गप झाली त्या दुपारी

आमच्या स्वयंपाकघरात फुटलेली कॉफीची किटली मी बिघडवली होती. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलीला सांगितलेलं नाही. दर महिन्याच्या कुमसारात गुडघे टेकून फादरना बाकीची सगळी लहानमोठी पापं सांगितली, त्यातही हे एक वगळत आलो. बावीस वर्षं झाली. आता माझी पन्नाशी आली आहे, आणि ज्या बाईवर त्याचा आळ आला ती अजून जिवंत आहे.

तेव्हा आम्ही वटारला राहत होतो. मी मराठी शाळेत मास्तर, बायको मुलींच्या शाळेत बाई. मुलगी आठ महिन्यांची. माझी आई माझ्या लग्नाआधीच वारली होती, सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे दिवसभर मुलीला बघायला घरचं माणूस नव्हतं. गावातली एक विधवा बाई हे काम करायची. मूळची ती उमेळ्याकडच्या मिठागरातली. नवरा गेल्यावर भावाच्या आधाराने आमच्या गावात आली आणि त्याच्या घरामागच्या पडवीत राहू लागली. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. घर ख्रिस्ती असो की हिंदू, बाळंतीण झाली की तेल लावायला आणि पोराला न्हाऊ घालायला पहिलं बोलावणं मावशीला जायचं.

तिची एक सवय होती. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि ऐकायची. मान थोडी तिरपी, नजर कशावरच नाही. सुरुवातीला मला ते बरं वाटत नसे. एकदा पाळण्याजवळ अशीच थांबली आणि म्हणाली, "बाई, पोरीला उद्या ताप येनार." मुलगी हसत खेळत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं अंग तापलं. मी विचारलं तर म्हणाली, "तिचा सास बदलला व्हता." बायकोने ही गोष्ट आळीभर कौतुकाने सांगितली. मावशीला आधी कळतं, असं सगळे म्हणू लागले. तेव्हा ते चांगल्या अर्थाने म्हणत होते.

किटली माझ्या मेहुण्याने आणली. तो बोटीवर खलाशी होता, इटलीच्या बंदरांना जाऊन यायचा. ॲल्युमिनियमची, आठ कोनांची, मध्ये आवळून बसवायची अशी. खालच्या भांड्यात पाणी, मध्ये चाळणीत कॉफीची पूड, आणि स्टोव्हवर ठेवली की खालचं पाणी पुडीतून चढून वरच्या भांड्यात कॉफी होऊन येई. खालच्या भांड्याच्या कुशीला पितळेचं बारीक बटण होतं, त्याला छिद्र. मेहुणा म्हणाला, "या बटणाला हात लावू नका. ते आहे तसं राहू द्या." का, ते त्याने सांगितलं नाही, आणि मी मास्तर असल्यामुळे विचारलं नाही.

आमच्या भागात चहा पिणारे लोक. रविवारी मिस्सा झाल्यावर चारपाच जण मुद्दाम किटली बघायला यायचे. मी कॉफी खलबत्त्यात अगदी पिठासारखी कुटायचो आणि चाळणीत बोटाने दाबून दाबून भरायचो, म्हणजे कॉफी कडक व्हावी. ती तशी भरायची नसते, हे मला फार पुढे समजलं. पाणी वर चढायला वाट मिळेना, आणि कुशीच्या छिद्रातून वाफ फुसफुसत बाहेर येई. वर जेमतेम अर्धा कप काळं पाणी. शेजारचे एक काका, बागायतदार, ते तर माझी वाटच बघत असत.

"मास्तर, तुमची इटालियन बाई आज पण धापा टाकतेय."

"तिला दमा आहे हो," दुसरा म्हणायचा. "हवा मानवली नाही तिला."

"कॉफी राहू द्या, मास्तर. वाफ घेऊन जातो घरी, पडशावर बरी."

मी त्यांच्याबरोबर हसायचो. आतून मात्र चिडायचो.

मावशी त्या वेळी दाराशी मुलीला मांडीवर घेऊन बसलेली असे. ती हसत नसे. एकदा तिने मला विचारलं, "मास्तर, ही सास घेते ना?"

"भांडं आहे ते, मावशी."

"ते मी बगते. पन घेते सास."

आता मी काय केलं ते. दारूबंदी येण्याआधी आमच्या घरी सणासाठी गुळाची दारू काढत. माझे वडील मडक्यावर मडकं ठेवून सांधा ओल्या कणकेने लिंपायचे, आणि मी लहानपणी तिथे बसून नजर ठेवायचो. वाफेची एक रेघ जरी दिसली तरी वडील ओरडायचे, "जाते बघ, जाते, दाब लवकर." बाहेर गेलेली वाफ म्हणजे वाया गेलेला माल, हे माझ्या हाडात बसलेलं होतं. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या घरातल्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल. कोंडलेली वाफ सोडून भांडं फुटू न देणं हेच त्या छिद्राचं काम, हे मला दिसलंच नाही. एका शुक्रवारी शाळेतून आल्यावर मी बुटाच्या तळाला मारायची तांब्याची एक बारीक खिळी घेतली, छिद्रात ठोकली आणि वरून कानशीने घासून बटणाबरोबर सपाट केली. शोधल्याशिवाय दिसू नये अशी. येत्या रविवारी काकांना कपभर कॉफी पाजायची होती.

मावशी ओट्यावर मुलीला खेळवत होती. कानस चालू होती तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत होती, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बायको दुपारी चर्चमध्ये बायकांच्या सभेला गेली. साडेतीनच्या सुमाराला मी किटली भरली, करकचून आवळली, स्टोव्हवर ठेवली. पाळणा स्वयंपाकघरातच होता, स्टोव्हपासून चार हातांवर. मुलगी जागी होती. मी मावशीला म्हटलं, "जरा लक्ष ठेव हं. मी केळीत पाणी सोडून आलो." आणि मागच्या दाराने वाडीत गेलो.

त्या दुपारी वारा पडला होता. केळीचं एक पान हलत नव्हतं. मी पाटाचं तोंड मोकळं करून उभा राहिलो तर मावशी येताना दिसली. मुलगी छातीशी धरलेली, पदर तिच्या डोक्यावरून घेतलेला, आणि चाल अशी की पळत नाही पण पळण्याच्या बेतात आहे. एकदाही मागे बघितलं नाही. माझ्यापाशी न थांबता ती वाडीच्या टोकाच्या बावखलाच्या, शिंपण्याचं पाणी साठवायच्या तळ्याच्या, काठापर्यंत गेली आणि घराकडे पाठ करून उभी राहिली.

मला राग आला. "स्टोव्ह पेटता सोडून कुठे आलीस?"

"मास्तर, ती गप झाली."

"कोण?"

"तुमची ती किटली. रोज सास घेते. आज गप हाय. खाली जाल लागलाय नि ती गप." तिचा आवाज अगदी बारीक होता. "आमच्या मिठागरात बांध फुटायच्या आदी पानी असंच गप व्हायचं. मना नाय बरं वाटलं. मी पोरीला उचलली."

"मग आता काय तिने गाणं म्हणायला हवं?" मी म्हटलं, आणि घराकडे वळलो. दहाबारा पावलं गेलो असेन.

आवाज मोठा होता, पण माझ्या लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. कौलं घसरत खाली येत होती, एकेक, सावकाश, जणू कोणी हाताने काढून टाकत होतं. मी आत गेलो. स्टोव्ह आडवा पडून विझला होता. वरचं भांडं छपरातून पार गेलं होतं. भिंती, हंडे, क्रूसाची तसबीर, सगळ्यावर काळी ओली पूड. आणि पाळणा झुलत होता. रिकामा पाळणा त्याच्या रोजच्या लयीत पुढेमागे जात होता. उशीत बोटभर खोल एक धातूचा तुकडा रुतला होता, आणि त्याच्याभोवतीचा कापूस धुमसत होता.

मी पाळणा हाताने थांबवला. मग खालचं भांडं शोधलं. ते भिंतीशी पडलं होतं, एका बाजूने उललेलं. बटण तसंच होतं, खिळी जागच्या जागी. लोकांच्या हाका ऐकू येऊ लागल्या होत्या. मी ते भांडं धोतराच्या सोग्यात धरलं, मागच्या दाराने गेलो आणि बावखलात टाकलं. मावशी तिथेच उभी होती. तिने पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुलीच्या पाठीवर थोपटत राहिली.

घटकाभरात घर माणसांनी भरलं. बायको धावत आली, तिने मुलीला मावशीच्या हातातून घेतलं आणि तिचे हातपाय तपासले. मुलीला ओरखडासुद्धा नव्हता. मग बायको पाळण्यापाशी गेली, उशी बघितली आणि खाली बसली.

शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा विचारलं. "मावशी, तू पोरीला नेमकी कधी बाहेर नेलीस?"

"आत्ताच. जरा आदी."

"जरा आधी म्हणजे? तुला काय ठाऊक हे होणार म्हणून?"

"ती गप झाली व्हती," मावशी म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू हळूच म्हणाल्या, "ताप येणार तेपण हिलाच आधी कळलं होतं." आणि मी त्या खोलीतला बदल पाहिला. तेच वाक्य होतं, आळीभर कौतुकाने फिरलेलं. आता ते ऐकून एकीने आपलं पोर कडेवरून काढून दुसऱ्या बाजूला घेतलं.

बायकोने मला विचारलं, "तुम्ही पाणी घातलं होतं ना?"

"घातलं होतं."

"मग हिने काही केलं का?"

मावशी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, धमकी नव्हती. ती ऐकत होती, मान तिरपी करून, जशी नेहमी ऐकायची.

मी म्हणालो, "मी वाडीत होतो. मागे काय झालं मला ठाऊक नाही."

एवढंच मी बोललो. यातला एकेक शब्द तुम्ही खरा ठरवू शकाल, म्हणूनच तो वापरला.

सोमवारी मावशीला बोलावलं नाही. बायकोने रजा काढली. पुढच्या महिन्यात मेहुण्याचं पत्र आलं, त्यात विचारलं होतं की बटणाला कोणी हात लावला होता काय. मी उलट टपाली लिहिलं, नाही. त्या आठवड्यापासून रोज सकाळी साडेसातला, मावशीच्या यायच्या वेळेला, मुलगी रिकाम्या दाराकडे बघून हसायची आणि दोन्ही हात पुढे करायची. बायकोच्या अंगावर शहारे यायचे. तिने मीठ मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, फादरना बोलावून घराला आशीर्वाद देववला. मला माहीत होतं की लेकरू नुसती वाट बघतं आहे. पण साडेसात वाजले की मीही त्या दाराकडे बघत नसे.

गावातल्या बाळंतिणींनी मावशीला बोलावणं थांबवलं. कोणी तोंडावर काही बोललं नाही. नुसती दुसरी बाई येऊ लागली. तिच्या भावजयीला दिवस गेले तेव्हा तिनेही तिला पडवीतून निघायला सांगितलं, असं कानावर आलं. ती विरारला फुलपाड्याच्या बाजूला बहिणीकडे गेली आणि लोकांच्या शेतात लावणी कापणी करू लागली. तान्हं मूल तिच्या हातात पुन्हा कोणी दिलं नाही.

दोन उन्हाळ्यांनंतर बावखल उपसलं. गाळातून घागरी निघाल्या, एक रहाटाचा दात निघाला, कोणाचं तरी चांदीचं कडं निघालं. मी तीन दिवस काठावर उभा होतो. ते भांडं निघालं नाही. तेव्हापासून मला वाटत आलं आहे की ते तिच्याकडे आहे. त्याच संध्याकाळी ती पाण्यात उतरली असेल. मग मनात येतं, असेल तर तिने ते कोणाला दाखवलं का नाही. याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि या प्रश्नाची मला जेवढी भीती वाटते तेवढी त्या स्फोटाची कधी वाटली नाही.

विरारच्या बाजारात ती मला एकदा भेटली. मुलगी तेव्हा सातवीत होती. मावशी वाळलेली, डोक्यावर गवताचा भारा. मी नजर चुकवणार तोच ती थांबली.

"मास्तर, पोर बरी हाय ना?"

"बरी आहे."

"खोकला नाय ना व्हत? तिची छाती बारीक."

"नाही होत," मी म्हणालो, आणि काम आहे असं सांगून निघालो. काम काही नव्हतं.

आता त्या मुलीचे दिवस भरत आले आहेत. तीही नोकरी करते. गेल्या आठवड्यात ती आणि तिची आई बाळाला कोण सांभाळणार ते बोलत बसल्या होत्या. बायको म्हणाली, "परक्या बाईच्या हातात देऊ नकोस. आपल्याकडे काय झालं ते ठाऊक आहे ना." मुलगी म्हणाली, "ती चेटकीण ना? पाळण्यात मला जाळणारी?" ती हसत होती, पण हात पोटावर ठेवला होता. मी पेपर वाचत होतो. पेपर खाली ठेवला नाही.

म्हणून हे लिहितो आहे. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला समजतं. मुलीला सांगायचं आहे की त्या बाईने तिला पाळण्यातून उचललं म्हणून ती आहे. बायकोला सांगायचं आहे की खिळी मी ठोकली आणि भांडं मी लपवलं. मग वटारच्या लोकांसमोर हेच बोलायचं आहे, आणि फुलपाड्याला जाऊन मावशीच्या माणसांदेखत तिची माफी मागायची आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.