पाहुण्यांसाठी डबल डोस

केदारखेड्याजवळच्या एका शेतातल्या हॉलिडे होमवर आम्ही शुद्ध हवा खायला गेलो होतो. जाहिरातीत तसंच लिहिलं होतं. दार उघडलं आणि त्या शुद्ध हवेनं डोळे झोंबायला लागले.

तिथला रखवालदार पाठीवर फवारणीचा पंप आणि तोंडाला रुमाल बांधून खोलीतून बाहेर येत होता. मला बघताच त्यानं नोझल अदबीनं खाली केलं.

"एक ढेकूण ठेवला न्हाई साहेब. गाद्या बराबर भिजवल्या."

"कशानं?"

"कपाशीचंच औषध. पण पाहुणे म्हणून डबल डोस."

पाहुणचारात आमच्या मराठवाड्याचा हात कोण धरणार?

"अहो, खिडक्या तरी उघडायच्या!"

त्यानं माझ्या अडाणीपणाची कीव केली. "शेतात वाऱ्याकडं पाठ करून मारावं लागतं, न्हाईतर अंगावर येतं. आत वाराच न्हाई. मंग कायची भीती?"

एवढं सांगून त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, एकदा नाही, तीनदा. तोवर माझी चार वर्षांची मुलगी आत गादीवर उड्या मारत होती. मी धावत जाऊन तिला उचलून बाहेर आणलं.

"तुम्ही कुठं झोपता?" मी विचारलं.

त्यानं लिंबाखालच्या बाजेकडं बोट दाखवलं. "इथंच. मागं नात आल्ती, ती पण इथंच झोपली. आतला वास लेकरांना सोसत न्हाई."

माझ्या कडेवरच्या लेकराचा गाल कुरवाळत तो हे बोलला, अगदी मायेनं.