रंग ऐकू येत नाही

त्या मोठ्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात सर्व्हर सांभाळणारे दोघं होते. एकाला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला चार डोळे होते. चार डोळेवाला तो चष्मेवाला. ज्याला दिसत नव्हतं त्याला सगळे कानसेन म्हणायचे, आणि हे नाव त्याला मनापासून आवडायचं.

कानसेनची नजर लहानपणीच एका तापात गेली. शाळा ब्रेलवर झाली आणि पहिली नोकरी लागली ती याच रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर. नुसत्या 'हॅलो'वरून कोणत्या वॉर्डातून कोण बोलतंय, आणि तिकडे घाई आहे की नुसतीच कटकट, हे त्याला कळायचं. मग फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं, बोर्ड निघाला आणि कानसेनला एका खुर्चीत नुसतं बसवून ठेवलं. पगार चालू, काम बंद. ते त्याच्या जिवावर आलं. कॉम्प्युटर विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख बाई एकदा त्याच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सर्व्हरवर चित्रंबित्रं नसतात. काळा पडदा आणि अक्षरं. ती वाचून दाखवणारा प्रोग्राम मिळतो. बसणार का?"

तो बसला तो बसलाच. माउस नाही, खिडक्या नाहीत. आपण एका ओळीत कमांड द्यायची, मशीननं चार ओळींत उत्तर द्यायचं. टेलिफोनवर बोलण्यासारखंच ते, त्याच्या मते. वाचून दाखवणारा आवाज बाईचा होता, आणि कानसेननं तिचा वेग इतका वाढवून ठेवला होता की दुसऱ्याला ती नुसती चिवचिव वाटायची. घरी त्याची बायको तिला "तुमची कानातली सवत" म्हणायची. बायकोचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं, आणि कानसेन घरून काम करत असला की शिलाई मशीनच्या खडखडाटातून सवतीची चिवचिव चालू असायची.

वर्षानुवर्षं कमांड त्याच होत्या आणि उत्तरंही तीच. सकाळी आल्या आल्या तो एक्स-रे साठवणाऱ्या मशीनची चौकशी करायचा. बाई सांगायची, "डिस्क वन, ओके. डिस्क टू, ओके." शेवटचा ओके आला की तो चहाला उठायचा.

मग सगळी सिस्टीम बदलायची वेळ आली. जुन्या आवृत्तीला आता कुणी वाली उरला नव्हता. दोघांनी मिळून एका सुट्टीच्या दिवशी अपग्रेड केलं. काही अडलं नाही, काही पडलं नाही. चष्मेवाला तर म्हणाला, "अरे, काय देखणं झालंय! सगळं रंगीत, चौकटीत. आता कळतंय तरी काय चाललंय ते."

कानसेनला मात्र दुसऱ्याच दिवसापासून कळेनासं झालं. कमांड त्याच होत्या, पण आपण वेगळं काही सांगितलं नाही तर त्या कशा वागणार, हे बनवणाऱ्यांनी बदलून टाकलं होतं. पूर्वी यादी मागितली की यादी यायची. आता यादीभोवती चौकट यायची आणि बाई इमानेइतबारे ती वाचायची: "कोपरा, आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ..." मोठं उत्तर असलं की मशीन मध्येच थांबायचं आणि कळ दाबायची वाट बघत बसायचं. कानसेनला वाटायचं, मशीन अडकलं. काम चालू असताना पडद्यावर एक भिंगरी फिरायची, आणि बाई तिच्या प्रत्येक फेरीची दखल घ्यायची. प्रत्येक डिस्कच्या आधी ती "बुलेट" म्हणायची.

"सकाळपासून गोळ्या झाडतेय ही," तो चष्मेवाल्याला म्हणाला. "बुलेट डिस्क वन, बुलेट डिस्क टू."

"टिंब आहे रे ते. शोभेचं असणार," चष्मेवाला आपल्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

ओके हा शब्द यायचा बंद झाला होता, हे कानसेनच्या लक्षात आलं होतं. पण सगळ्याच ओळी एकसारख्या ऐकू येत होत्या, तक्रारीचा शब्द कुठे नव्हता. बिघाड असता तर मशीननं तसं म्हटलं असतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि चहाला गेला. असा तो चांगला आठवडाभर चहाला जात राहिला.

एका दुपारी चष्मेवाला त्याच्या खुर्चीमागून फाईल घेऊन चालला होता. तो थबकला.

"अरे, हा तांबडा कधीपासून?"

"तांबडा कोण?"

"डिस्क फोर. बाकी सगळी टिंबं हिरवी आहेत, हे तांबडं आहे."

कानसेननं ती ओळ पुन्हा ऐकली. "माझ्याकडे बुलेट आहे. सगळीकडे बुलेटच आहे."

डिस्क फोर अपग्रेडच्या दुसऱ्याच दिवशी आजारी पडली होती. प्रत्येक चित्र दोन ठिकाणी ठेवलेलं असल्यामुळे एकाही रुग्णाचा एक्स-रे गेला नाही. तासाभरात नवी डिस्क बसली आणि सगळं निस्तरलं. विभागप्रमुख साहेब येऊन गेले, कुणाला रागावले नाहीत. उलट समजुतीनं म्हणाले, "तुमच्यासाठी एक जुन्या आवृत्तीचं मशीन ठेवू या का वेगळं? तुम्ही तेवढंच बघा." ते प्रेमानंच बोलले होते, पण कानसेनला टेलिफोन बोर्ड निघाल्यावरची ती बिनकामाची खुर्ची आठवली.

घरी जेवताना बायकोनं दोनदा विचारल्यावर त्यानं सगळं सांगितलं, आणि मग तावातावानं म्हणाला, "अगं, आपल्या घरात साधी खुर्ची हलवायची असली तरी तू आधी सांगतेस. इथे अख्खं घर हलवलं आणि कुणी चकार शब्द काढला नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"मी नवीन शिवणयंत्र आणलं तेव्हा आठवतं का?" बायको म्हणाली. "माझा टाका सैल पडत होता म्हणून मी कंपनीला शिव्या घालत होते. शेवटी तुम्हीच म्हणालात, सोबतचं पुस्तक उघडलंस का? त्यात लिहिलेलं होतं, दोऱ्याचा ताण आता वेगळा येतो म्हणून. तुम्ही वाचलं का तुमचं पुस्तक?"

कानसेननं वाचलं नव्हतं. चष्मेवाल्यानंही वाचलं नव्हतं. या धंद्यात बदलांची माहिती प्रत्येक आवृत्तीबरोबर येते, आणि 'मान्य आहे' म्हणून सगळे पुढे जातात.

दुसऱ्या दिवशी त्यानं हेडफोन चढवले, बाईचा वेग आणखी वाढवला आणि सगळी माहिती ऐकायला बसला. सगळं होतं त्यात. चौकट होती, भिंगरी होती, थांबणं होतं. 'स्थिती आता शब्दाऐवजी रंगानं दाखवली जाईल, त्यामुळे एका नजरेत कळेल,' असंही होतं. 'एका नजरेत' ऐकून तो एवढ्यानं हसला की चष्मेवाला खुर्ची सरकवत आला. पण त्याखालीच, जुन्या साध्या पद्धतीनं उत्तर हवं असेल तर कमांडपुढे काय जोडायचं, तेही दिलं होतं.

मग दोघांनी ठाण मांडलं. कमांडमागचं एकेक टूल घ्यायचं, नवी सवय बघायची, आणि ती ठेवायची की मोडायची ते ठरवायचं. चौकट काढली. भिंगरी थांबवली. मध्येच थांबणं मात्र कानसेननं ठेवलं. ते मशीन अडकलेलं नाही, आपल्यासाठी खोळंबलंय, हे एकदा कळल्यावर लांबलचक उत्तर घोटाघोटानं ऐकता येऊ लागलं. पुसण्याच्या कमांडवरून दोघांचं वाजलं. नवी आवृत्ती फाईल पुसण्याआधी 'नक्की का?' असं विचारायची, आणि कानसेनला त्याचा भयंकर राग होता.

"मी काय दूधखुळा आहे? सांगितलंय ना पूस, मग पूस."

"तू नाहीस, मी आहे," चष्मेवाला म्हणाला. "मागे मी लॉन्ड्रीचं अख्खं वेळापत्रक उडवलं होतं. राहू दे की प्रश्न."

राहू दिला. शिवाय रोज आपोआप चालणाऱ्या कमांडच्या जितक्या याद्या, म्हणजे स्क्रिप्ट, होत्या, त्या सगळ्यांत त्यांनी काय हवं ते स्पष्ट लिहून टाकलं. मशीन आपणहून बरोबर वागेल या भरवशावर काही ठेवायचं नाही, असं ठरलं. साहेबांना कानसेननं सांगितलं, "वेगळं मशीन नको. सगळ्यांचं आहे तेच चालेल मला."

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नव्हती. साधं उत्तर मागितलं तरी डिस्कची स्थिती टिंबानंच येत होती. शब्द त्या टूलमधून काढूनच टाकला होता. त्यानं बनवणाऱ्यांना पत्र पाठवलं. लांबच्या देशातून, ते टूल बनवणाऱ्या एका मुलीचं उत्तर आलं: समजलं नाही, बोलता येईल का?

ठरल्या वेळी चष्मेवालाही शेजारी येऊन बसला. ती टूल बनवणारी तरुण होती, बोलायला मोकळी होती, पण जरा सावध. रंग आल्यापासून लोक खूश आहेत, असं तिनं आधीच सांगून टाकलं.

"असणारच," कानसेन म्हणाला. "माझा हा दोस्तही खूश आहे. तुम्ही फक्त एकदा माझ्यासारखं वापरून बघा. पडदा बघू नका. डोळे मिटा."

त्यानं वाचणाऱ्या बाईचा आवाज तिकडे जोडला, तिचा वेग माणसात आणला आणि कमांड जशीच्या तशी चालवली. "कोपरा," बाई म्हणाली, "आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ..." तिकडे ती मुलगी हसू दाबत होती, मग तिला ते दाबता येईना. चौकटीची वरची बाजू संपेपर्यंत तिघंही हसत होते. मग "बुलेट डिस्क वन" पासून "बुलेट डिस्क सिक्स" पर्यंत सगळं आलं आणि संपलं.

"आता सांगा," कानसेन म्हणाला, "यातली कुठली बिघडलीय?"

तिनं यादी पुन्हा एकदा ऐकवायला सांगितली. "मला नाही सांगता येत," ती शेवटी म्हणाली.

"मलाही आलं नव्हतं."

खरं तर या वेळी त्याची स्वतःची एकही डिस्क बिघडलेली नव्हती. चष्मेवाल्यानं मुद्दाम एक जुनी, मोडकी डिस्क जोडून ठेवली होती. ती मुलगी बराच वेळ प्रश्न विचारत राहिली. रंग ती काढणार नव्हती, ते तिनं स्वच्छ सांगितलं, आणि कानसेनचाही तसा आग्रह नव्हता. टिंबापुढे शब्द परत आला की झालं. भिंगरीही राहणार होती. "ती मी स्वतः बनवलीय हो, मला फार आवडते," असं ती म्हणाली तेव्हा कानसेननं ती तिला आनंदानं सोडून दिली.

पुढच्या आवृत्तीत शब्द आला. आणि आता नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी कानसेनकडे ऐकायला येते. सुट्टीच्या दुपारी तो पाय लांब करून पुढच्या खोलीत बसतो, बायको शिवत असते, आणि तो मध्येच ओरडतो, "अगं, आता हिनं नवीनच खूळ काढलंय!" कपडे टाकायला आलेली गिऱ्हाइकंही आता विचारतात, काय म्हणतंय मशीन.

परवा बिलांच्या विभागात नवी सिस्टीम आली. तिथली मंडळी जुन्या कळा दाबून हैराण झाली होती. एक वयस्कर कारकून तर कीबोर्डच उलटा करून बघत होते. साहेबांनी कानसेनला विचारलं, "जाता का जरा खाली?"

तो काठी घेऊन गेला, त्या कारकुनांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काका, आधी चहा मागवा. मग मला सांगा, पूर्वी तुम्ही काय करायचात."

काकांनी सांगायला सुरुवात केली, आणि चहा येऊन गार झाला तरी ते सांगतच होते.