क्युबाचे काळजीवाहू

माझ्या थोरल्या मामांनी क्युबाची जेवढी काळजी केली, तेवढी खुद्द क्युबातल्या माणसांनीही केली नसेल. जानेफळला त्यांचा दोन एकरांचा वांगी-मिरचीचा मळा होता, शाळा चौथीपर्यंत झाली होती आणि समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. समुद्राचा अंदाज यावा म्हणून ते एकदा मुद्दाम लोणारला जाऊन तिथल्या सरोवराचे पाणी चाखून आले आणि पुढे दोन दिवस, "असल्या पान्याच्या मधात लोकं राह्यतात म्हंजे कमालच," असे तोंड वाकडे करून सांगत फिरले.

हा देश त्यांना ग्रामपंचायतीच्या रेडिओवर सापडला. त्या बेटावर मोठ्यांच्या जमिनी काढून कष्टकऱ्यांना वाटल्या, म्हणून शेजारच्या बलाढ्य देशाने त्यांची साखर घेणे बंद केले, अशी बातमी होती. मिरची विकणाऱ्या माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. "ज्याचा माल एकच गिऱ्हाईक घेते, त्याचा जीव त्या गिऱ्हाइकाच्याच मुठीत राह्यते, बापू," असे ते मला म्हणाले. शाळेतल्या नकाशावर दोन देशांमधले अंतर त्यांनी मोजले, ते करंगळीच्या नखाएवढेही भरले नाही. तेव्हापासून त्यांची झोप उडाली. ती साखर आपल्या गावाने घ्यावी, असा रीतसर अर्ज त्यांनी ग्रामपंचायतीकडे दिला. आधी नाल्यावरचा पूल होऊ द्या, असे सरपंचांनी त्यांना हात जोडून सांगितले.

मग बासष्टची दिवाळी आली. उत्तरेच्या सीमेवर चीनशी लढाई पेटली होती आणि मामांचा एकुलता एक मुलगा तिथे फौजेत होता. सारा गाव सीमेवरच्या बातम्यांसाठी रेडिओभोवती जमे. त्याच दिवसांत क्युबाभोवती त्या बलाढ्य शेजाऱ्याच्या लढाऊ जहाजांचा वेढा पडला होता, आणि मामा गर्दीत घुसून तेवढेच विचारत. लोक चिडले. मलाही राग आला. मी तेव्हा मेहकरला मास्तर होतो. रविवारी मामांच्या घरी गेलो आणि मामीजवळ तसे बोलून दाखवले. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "लेकाचं नाव काढलं का त्यायच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हून क्युबा."

पुढल्या खेपेला पेपर घेऊन मी थेट मळ्यात गेलो. जहाजे परत फिरली, क्युबा वाचला, असे सांगितले. मामा निंदत होते.

"कोनं मिटवलं?"

दोघा मोठ्या देशांनी आपसात, असे मी म्हणालो.

"अन् क्युबाले इचारलं का?"

विचारले नसावे, असे मी कबूल केले.

"मंग वाचला काऊन म्हंतं? यावेळी राह्यला म्हन." आणि ते पुन्हा निंदायला लागले.

लढाई थांबल्यावर तार आली. मुलगा बेपत्ता होता. पुढच्या वर्षी चीनकडचे कैदी सुटून आले, त्यांत त्याचे नाव नव्हते. भाऊबंद म्हणाले, दहावे-तेरावे उरकून घ्या. मामा म्हणाले, सरकारलेच ठाऊक नाही, तर मी कसं ठरवू? सुनेने कुंकू पुसले नाही आणि तिला कोणी पुसायलाही सांगितले नाही.

त्या घरी मुलाची चौकशी करण्याची हिंमत पुढे कोणाला झाली नाही. बांधावरून जाणारा-येणारा थांबे आणि विचारी, "मामा, क्युबाचं काय म्हंते?" साखरेच्या अर्जाला हात जोडणारे सरपंचही विचारत. मामा विळा खाली ठेवत आणि सांगत, "अजून काही नक्की नाही." मग विचारणारा शेरभर वांगी विकत घेऊन जाई, त्याच्या स्वतःच्या मळ्यात वांग्यांचा खच पडलेला असला तरी.