कनातीमागचे मामाजी

देवरी तालुक्यात माझ्या माहितीत जेवढी चांगली भाषणं झाली, ती सगळी एकाच माणसाची होती, आणि त्यातलं एकही त्याने स्वतः केलेलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणायचो. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकांत तीस वर्षं प्रॉम्प्टिंग करून ते रिकामे झाले आणि थेट आमच्या चळवळीत आले. विंगेत बसून दुसऱ्याच्या तोंडात वाक्य घालायची सवय अंगात मुरलेली. सभेत वक्ता अडखळला की मागच्या कनातीतून त्यांची कुजबुज सुरू व्हायची, आणि माइक चांगला असला तर ती वक्त्याच्या आधी लोकांपर्यंत पोचायची. एकदा आमचे अध्यक्ष ऐन मागणीपाशी गप्प झाले. मागून आवाज आला, "हात वर कर, हात वर." अध्यक्ष तसेच उभे राहिले आणि समोरच्या शंभरेक बायांनी हात वर केले. ठराव एकमताने मंजूर, असं आम्ही लिहून टाकलं.

मी तेव्हा पत्रकं लिहायचो. ‘शोषण’ चारदा आणि ‘धिक्कार’ दोनदा आल्याशिवाय पत्रक छापण्याजोगं झालं असं मला वाटायचंच नाही. मामाजी ते हातभर लांब धरून वाचायचे आणि दर वेळी एकच विचारायचे, "यात तू कुठी आहेस?" मी भडकायचो. म्हणायचो, प्रश्न माझा नाही, लोकांचा आहे. ते म्हणायचे, "मंग लोकायलेच पाठव बोलाले." आणि खरंच पाठवायचे. ज्याला बोलायचं असेल त्याला आधी घरची एक वस्तू आणायला लावायचे, ती त्याच्या हातात द्यायचे आणि ती घरात कशी आली एवढंच सांगायला लावायचे. सभेनंतरच्या आठवडी बाजारात ते तिघांना विचारत हिंडायचे की भाषणातलं काय ध्यानात आहे. जे कुणाच्याच ध्यानात नसेल ते पुढच्या वेळी कापलं जायचं. माझ्या पाऊण तासाच्या भाषणातलं मुरमुरेवाल्याला एवढंच आठवलं की मी तीनदा पाणी प्यालो. मामाजींनी वहीत नोंद केली: पाणी ठेवणे, बाकी काढणे.

मग जंगलाकडच्या एका गावाची संध्याकाळची बस बंद करायचं ठरलं. कारण काय, तर प्रवासी नाहीत. त्या बसने देवरीच्या शाळेतून पंधरा मुली घरी यायच्या, त्या कुणाच्या हिशेबात नव्हत्या. गावच्या शाळेच्या पटांगणात एसटीचे साहेब ऐकून घ्यायला आले. मामाजींनी एका मुलीच्या आईला तयार केलं होतं. दप्तर हातात धरून ती नीट बोलली. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बस बंद झाली म्हणून मुलीला शाळेतून काढणारा एक तरी बाप दाखवा."

कनात हलली आणि मामाजी पुढे आले. त्यांना लोकांसमोर उभं राहिलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मी आहो," ते म्हणाले. "मागं एकदा हेच बस बंद झाली होती. माही पोरगी आठवीत होती. मीच काढलो तिले. मंग वर्षभर ते दर रविवारी शाळेचा ड्रेस धुवे, लोट्यात इंगळ टाकून इस्त्री करे, अन् खुंटीले लटकवे. मी म्हणलो, कायले करून राहिली? तं म्हणे, बस सुरू झाली तं."

एवढं बोलून ते थांबले आणि सवयीने कनातीकडे पाहिलं. तिथे मी उभा होतो, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन. त्यातलं एकही वाक्य त्यांना द्यायच्या लायकीचं नव्हतं. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि परत मागे येऊन बसले.

बस बंद झाली नाही. श्रेय आमच्या पत्रकाने घेतलं, म्हणजे मीच लिहिलं तसं.

त्या आठवड्यात मामाजी बाजारात आले नाहीत, म्हणून त्यांची वही घेऊन मी हिंडलो. मुरमुरेवाल्याला खुंटी आठवत होती. भाजीवालीला लोटा. तिसरा माणूस तर सभेला आलाच नव्हता, तरी त्याने मला इस्त्रीची सगळी गोष्ट सांगितली. हे मी मामाजींच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवलं. कापण्यासारखं काहीच निघालं नाही, असंही म्हणालो. त्यांनी वही माझ्याकडून घेऊन मिटली.

"तिच्या कानावर गेलं असंन का?"

मुलीचं सासर पार जंगलापलीकडे. फोन लागत नाही, आणि बस तर त्या गावाने कधी पाहिलीच नाही.

पुढचं पत्रक मी त्या गावाच्या बससाठी लिहिलं. मामाजींनी ते हातभर लांब धरून वाचलं. मी त्यात कुठे आहे, हे या वेळी विचारलं नाही.

"त्या गावी वाटाले मीच जातो," ते म्हणाले.

तिकडे बस नाही, चालत जावं लागेल, असं मी सांगितलं.

"म्हणूनच तं," म्हणून त्यांनी गठ्ठ्यातलं एक पत्रक वेगळं काढलं, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.